परसातल्या वाफ्यांपासून घरच्या भाजीच्या धंद्यापर्यंत : कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कुडाळच्या बाजारात बेळगाव-कोल्हापूरकडच्या भाजीच्या गाड्या पहाटे रिकाम्या होत असतात, त्या वेळी आमच्या पडवीत लाल माठाच्या जुड्या बांधणं चालू असतं. मुळांची माती झटकायची, केळीच्या सोपटाने जुडी बांधायची, टोपलीत उभी रचायची, वर ओलं फडकं. त्या गाड्यांतून कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, ढोबळी मिरची उतरते. त्या मालाशी दरात बरोबरी करायला आपण जाऊ नये. घाटावर टोमॅटो एकरांनी लावतात, आपले तुकडे गुंठ्यांचे. पण माठ, मुळा, वाली, गावठी काकडी, पडवळ हा माल रात्रभर गाडीत हिंदकळला की मान टाकतो. तो ताजा द्यायचं काम बाजाराच्या जवळ राहणारं घरच करू शकतं. मुंबईची खोली सोडून गावी परतलेले, किंवा गावातच राहून पडीक जमिनीकडे नव्याने बघायला लागलेले कोणी "आम्ही भाजी करू का?" असं विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हेच सांगते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंचे परसात पाच वाफे होते. आज वीस गुंठ्यांत भाजी आहे, त्यावर घर चालतं, आणि शेजारची दोन घरं आमच्यासोबत पिकवतात. मध्ये अकरा वर्षं गेली, त्यातली तीन तरी चुका निस्तरण्यात. खाली दिलेला क्रम त्या चुकांतून ठरलेला आहे, म्हणून तो शक्यतो मोडू नका.

पहिली पायरी : विहीर, तीही मे महिन्यातली

नवीन माणूस दिवाळीत गावी येतो, काठोकाठ भरलेली विहीर बघतो आणि एकराचा बेत करतो. दिवाळीत सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "बाय गो, मे म्हयन्यात बाव काय सांगता ता आयक, मगे काय पेरूचा ता ठरव." मी ऐकलं नाही. पहिल्या मोठ्या लागवडीची भेंडी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फुलावर असताना करपली.

विहिरीचं माप घरच्या घरी घेता येतं. एका दोरीला दगड बांधा आणि फुटाफुटावर गाठी मारा. संध्याकाळी पंप बंद केल्यावर पाण्याची पातळी बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे पंप सुरू करण्याआधी परत बघा. रात्रीत जितकं पाणी चढलं तितकंच तुमचं रोजचं पाणी. दहा फूट व्यासाची गोल विहीर असेल तर एक फूट पाणी म्हणजे साधारण २२०० लिटर. समजा मे महिन्यात रात्रीत दोन फूट चढलं, तर ४४०० लिटर. त्यातून घरची माणसं आणि गोठा यांचे ८०० लिटर बाजूला काढा. उरले ३६००. उन्हाळ्यात पाटाने किंवा झारीने पाणी दिलेल्या भाजीला गुंठ्यामागे दिवसाला चारशे-पाचशे लिटर लागतात. म्हणजे या विहिरीवर आठ गुंठे भाजी होते, बारा होत नाहीत. ठिबक बसवून वाफ्यावर भाताचा पेंढा किंवा सुका पाला अंथरला तर थोडं अधिक निभतं, पण पहिल्या वर्षी हिशेब ठिबक नसल्यासारखाच करा.

घराजवळ व्हाळ (ओढा) असेल तर पाऊस ओसरल्यावर, पाणी वाहतं आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घाला. चार घरांनी मिळून एका दिवसात होतो. त्याने व्हाळाकाठच्या विहिरीची पातळी जास्त दिवस टिकते. आमच्या वाडीत हा बंधारा घालायचा दिवस आता ठरलेला असतो आणि त्या दिवशी सगळ्यांचं जेवण एकत्र.

दुसरी पायरी : कागद

कोकणातल्या सातबाऱ्यावर एका तुकड्याला वीस-पंचवीस नावं असतात. त्यातली निम्मी मुंबईला, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. भाजी लावायला कोणी अडवत नाही, पण शेतीपंपाची वीजजोडणी किंवा अनुदानाचा अर्ज म्हटलं की सहहिस्सेदारांची संमती लागते. म्हणून गणपतीला सगळे घरी आले की तेव्हाच बोलून घ्या. कोण कुठला तुकडा करणार ते कागदावर लिहा, सह्या घ्या, सगळ्यांना एकेक प्रत द्या. दुसऱ्याची जमीन करायला घेत असाल तरीही लिखित करार करा. १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती आमच्या भागातल्या जमीनमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने माणसं जमीन ओसाड ठेवतात पण कसायला देत नाहीत. वकिलाकडून मुदतीचा करार करून घेतला की दोन्ही बाजूंना रात्री झोप लागते.

तिसरी पायरी : माती, आणि उभी मरणारी वांगी

आपली जांभी माती आम्लधर्मी. किती, ते तपासल्याशिवाय कळत नाही. तुकड्यात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढा, सगळी एकत्र मिसळा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, परत मिसळा, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. ती सावलीत वाळवून द्यायची. कृषी विज्ञान केंद्रं आपल्याकडे पालघरला कोसबाडला, रायगडला रोह्याला, रत्नागिरीला लांज्याला आणि सिंधुदुर्गात किर्लोसला आहेत, तिथे विचारणा करा. अहवालात आम्लता जास्त निघाली तर ते चुना किती घालायचा ते सांगतात. चुना लागवडीच्या काही आठवडे आधी मातीत मिसळायचा, आणि शेणखत किंवा युरिया त्याच दिवशी घालायचं नाही. चुन्याबरोबर पडलं की खतातलं नत्र वायू होऊन उडून जातं.

आता वांग्यांचं. तिसऱ्या वर्षी आम्ही दहा गुंठे वांगी लावली होती. रोपं गुडघ्याच्या वर आली, कळ्या लागल्या. एका दुपारी दोन-चार झाडं कोमेजलेली दिसली. पाणी कमी पडलं असं वाटून मी जास्त पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या ओळीतली दहा गेली. पानं हिरवी असतानाच झाड मान टाकतं, पिवळं पडायलाही वेळ मिळत नाही. पंधरा दिवसांत जवळजवळ सगळा वाफा गेला.

ही जिवाणूजन्य मर. दमट हवा आणि आम्ल माती असलेल्या आपल्या पट्ट्यात ती वांगी, टोमॅटो, मिरची तिन्हींना मारते. ओळखायची खूण घरी बघता येते. कोमेजलेल्या झाडाचं बुडाजवळचं बोटभर खोड कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभं धरा, कापलेली बाजू पाण्यात. थोड्या वेळात कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर मर आहे. मग फवारणीवर पैसे घालवू नका. मी घालवले होते. झाड मुळासकट उपटून जाळा, त्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, खुरपं धुऊन मगच दुसरीकडे वापरा. त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं वांगी-मिरची-टोमॅटो लावू नका, पावसात भात आणि नंतर माठ, मुळा, चवळी घ्या. रानवांग्यावर कलम केलेली रोपं मिळाली तर वांगी करता येतात.

नव्याने सुरू करणाऱ्याने म्हणून पहिल्या वर्षी वांग्यांच्या मोहात पडू नये. भात कापल्यावर मोकळा झालेला, विहिरीजवळचा मळ्याचा तुकडा घ्यावा आणि त्यात पुढे सांगते ती भाजी करावी.

चौथी पायरी : तीन गुंठे, चार भाज्या, दर आठवड्याला एक वाफा

सुरुवात तीन गुंठ्यांपासून करा. लाल माठ, मुळा, वाली किंवा चवळी, भेंडी. माठ २५ ते ३० दिवसांत उपटायला येतो, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, भेंडी आणि चवळी पन्नासाव्या दिवसाच्या आसपास सुरू होऊन पुढे महिना-दीड महिना चालते. माठाने हातात पहिले पैसे येतात, भेंडीने धंद्याला सलगपणा येतो.

सगळ्यांत जास्त घरं एका चुकीने मागे पडतात. उत्साहात सगळं बी एकाच दिवशी पेरलं जातं. मग तीस दिवसांनी सगळा माठ एकदम तयार, दोनशे जुड्या एका दिवशी विकायच्या, उरलेला गुरांना, आणि पुढचे तीन आठवडे टोपली रिकामी. गिऱ्हाईक दोनदा विचारून तिसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून माठाचे पाच छोटे वाफे करा आणि दर आठवड्याला एकच पेरा. पाचवा पेराल तेव्हा पहिला काढायला आलेला असेल. काढला की त्यात शेणखत घालून, माती हलवून परत पेरा. तीन-चार फेऱ्यांनंतर त्या वाफ्यात मुळा किंवा चवळी फिरवा.

माठाचं बी मोहरीपेक्षाही बारीक असतं, गुंठ्याला वीस-तीस ग्रॅम पुरतं. हाताने तसंच टाकलं तर एका जागी दाट, दुसरीकडे टक्कल. चाळलेल्या राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून टाकायचं, राखेच्या पांढुरक्या रंगावरून कुठे पडलं तेही दिसतं. वर माती लोटायची नाही, फक्त केरसुणी हलकी फिरवायची. मुंग्या हे बी रातोरात वाहून नेतात. सासूबाई वाफ्याच्या चारी कडेला तांदळाची कणी शिंपडत. मुंग्या कणी ओढत बसतात, तोवर तीन-चार दिवसांत बी रुजतं. आम्ही अजून तेच करतो. पहिला आठवडा पाणी झारीने, तेही जमिनीलगत धरून. बादलीने ओतलं तर बी सगळं एका कोपऱ्यात जमा होतं.

पालेभाजीवर रासायनिक फवारणी आम्ही करत नाही. माठ महिन्याभरात पोटात जाणार आणि डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पाळायला तिथे वाव नसतो. भेंडीवर तुडतुडे, मावा दिसला तर निंबोळी अर्क. अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून गाळा, दहा लिटर पाणी करा आणि संध्याकाळी फवारा. आपल्याकडे कडुनिंब कमी, म्हणून मी घाटावरच्या नातेवाइकांकडून वाळलेल्या निंबोळ्या वर्षाच्या मागवून ठेवते.

पाचवी पायरी : घरचे हात मोजा

भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस राहिली की जून झाली. घरात लग्न असो, बारसं असो, गावची जत्रा असो, पहाटे कोणीतरी शिवारात गेलंच पाहिजे. म्हणून क्षेत्र ठरवताना विहिरीनंतर माणसं मोजा. आमच्या घरात चार मोठी माणसं आहेत, त्यातल्या सासूबाई आता बसून करायची कामं करतात: जुड्या बांधणं, शेंगा निवडणं, बी राखणं. हिशेबाला साडेतीन माणसं धरतो. मजूर मिळतात, पण भातलावणीच्या आणि आंबा-काजूच्या दिवसांत ते आपल्या वाट्याला येत नाहीत, आणि नेमकी त्याच दिवसांत भाजीलाही गरज असते.

आणखी एक, मनापासून सांगते. कोकणातल्या बहुतेक घरांत भाजीचं काम बायका करतात आणि पैशांची पिशवी दुसऱ्याच्या हातात जाते. धंदा वाढायला लागला की घरात पहिला खटका यावरूनच उडतो. आम्ही चौथ्या वर्षापासून प्रत्येक काम करणाऱ्याची मजुरी वहीत लिहायला लागलो, स्वतःच्या घरच्याचीही, आणि महिन्याच्या शेवटी ती ज्याची त्याच्या खात्यात जाते. त्यानंतर जे उरतं तो नफा. यामुळे कोणती भाजी खरंच परवडते तेही कळलं. चवळीच्या शेंगा खूप पैसे देतात असं आम्हाला वाटत होतं. तोडणीची मजुरी धरल्यावर माठ पुढे निघाला.

सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा वाफ्यात जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, बॅटरी जवळ ठेवा. फुरसं हा विषारी साप पालापाचोळ्यात दिसत नाही. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ आमच्या भागाने पाहिली आहे. ताप आला तर अंगावर काढू नका.

सहावी पायरी : आधी गिऱ्हाईक, मग वाफा

वाफा वाढवायच्या आधी तो कोण खाणार हे ठरलेलं असलं पाहिजे. आमचे तीन रस्ते आहेत.

पहिला, घरपोच. तालुक्याच्या गावात नोकरदारांच्या वसाहती असतात. सुरुवातीला मी शिक्षिका असलेल्या एका ओळखीच्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा भाजी देत होते, त्यांच्या शेजारणींनी विचारलं, अशी वीस घरं झाली. आता व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे. संध्याकाळी पाच वाजता उद्या काय काय निघेल ते मी लिहिते, रात्री आठपर्यंत ज्याला जे हवं ते कळवतात, पहाटे तितकंच तोडायचं. यात नासाडी जवळपास नाही. दर आम्ही वर्षात दोनदाच बदलतो. बाजारात माठ महाग झाला म्हणून आम्ही वाढवत नाही, स्वस्त झाला म्हणून उतरवत नाही. जुडी मात्र कायम तेवढीच. पातळ जुडी गिऱ्हाइकाच्या हाताला लगेच कळते.

दुसरा, आठवडा बाजार. इथे जागा एकच ठेवा आणि पाऊस असला तरी चुकवू नका. आजूबाजूला बसणाऱ्या बायकांशी भाव पाडण्याची चढाओढ करू नका, दुपारी त्यांचीच मदत लागते. बचत गटात असाल तर उमेदमार्फत (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत) लागणाऱ्या विक्री-स्टॉलची चौकशी तालुक्याला करा.

तिसरा, खानावळी आणि घरगुती निवास. मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागकडे दिवाळीपासून मेपर्यंत पर्यटक असतात आणि मासे खाणारा पाहुणाही ताटात एक गावठी भाजी मागतो. हे गिऱ्हाईक मोठं, पण उधारीचं. आमचे एका ठिकाणी तीन महिन्यांचे पैसे अडकले आणि त्या वर्षी पाइपलाइन करायची राहिली. तेव्हापासून उधारी पंधरा दिवसांची, तीही पहिली फेडल्यावरच दुसरी. आणि एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.

कोकणची मागणी माशाच्या गणिताने चालते, हे घाटावरच्या व्यापाऱ्याला सुचत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मागोमाग श्रावण. नेहमी मासे खाणारी घरंही या दिवसांत भाजीकडे वळतात, आणि नेमकी तेव्हा बहुतेकांची भाजी पावसाने सडलेली असते. ज्याच्याकडे पावसाळ्यात भाजी आहे त्याचा धंदा पुढे जातो. आमचाही तिथूनच गेला.

सातवी पायरी : पावसाळ्याचा मांडव

पहिलं वर्ष हिवाळी-उन्हाळी भाजीचं झालं, की मगच हे करा. पावसात जमिनीवरची भाजी टिकत नाही, वेल वर न्यावे लागतात. पडवळ, दोडका, कारलं, काकडी. पाणी साचणार नाही अशी उताराची जागा, फूटभर उंच गादीवाफे, आणि माणूस उभं राहून तोडणी करू शकेल असा सहा फुटांचा मांडव. खांबांना जुन्या पोफळी चालतात, वर तार आणि तारेवर सुतळीची जाळी. पश्चिमेकडून येणारा वारा जुलैत मांडव उचलून टाकतो, म्हणून कडेच्या खांबांना बाहेरून ताण द्या. हे काम मेमध्ये पुरं झालं पाहिजे. पाऊस लागल्यावर खड्डा खणला की त्यात पाणीच भरतं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवेसाठीच काढलेले वाण आहेत: पडवळात कोकण श्वेता, कारल्यात कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता, शेंगांत कोकण वाली आणि कोकण सदाबहार. यापासून सुरुवात करा, आणि सोबत घरातलं गावठी बी जपा. संकरित वाणाचं बी राखून पेरलं तर दुसऱ्या वर्षी तसंच पीक येत नाही, गावठीचं येतं. पडवळाचं बी घ्यायचं तर मांडवावर सगळ्यांत सरळ वाढलेलं एक फळ राखून ठेवायचं, ते तांबूस-नारिंगी होऊन मऊ पडेपर्यंत काढायचं नाही. बी धुऊन, सावलीत सुकवून, राखेत घालून ठेवायचं. सासूबाई त्या फळाला लाल चिंधी बांधतात, म्हणजे तोडणाऱ्याचा हात तिकडे जात नाही.

पडवळ वितीएवढं झालं की त्याच्या टोकाला सुतळीने सुपारीएवढा दगड बांधा. नाहीतर ते वाकडं वळतं, आणि वाकडं पडवळ टोपलीतही मावत नाही, गिऱ्हाईकही घेत नाही. पाऊस उघडला की मांडवाखाली उभं राहून एकेका पडवळाला दगड बांधायचं हे काम आमच्याकडे मुलं करतात. शाळेतून आली की खिशात व्हाळातले गोटे घेऊनच शिरतात.

या सगळ्या वेलांचा मोठा वैरी फळमाशी. कोवळ्या फळाला सुईएवढं भोक दिसतं, चार दिवसांत आत अळ्या. क्यु-ल्यूरचे (वासाने फळमाशी ओढणारे) सापळे फूल लागायच्या आधीच मांडवात टांगा. आंब्याच्या बागेत वापरतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे उपयोगाचा नाही, त्याला वेगळी माशी येते. दुकानात मागताना भाजीसाठी असं स्पष्ट सांगा. खाली पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा. तशीच टाकली तर त्यातूनच पुढची पिढी उठते.

मांडवाचं सगळं गणित गणपतीला धरून. चाकरमानी घरी येतात, ऋषिपंचमीला प्रत्येक चुलीवर ऋषीची भाजी शिजते, आणि तिला माठ, अळू, भेंडी, पडवळ, दोडका, काकडी, भोपळा, सुरण सगळंच थोडं थोडं लागतं. त्या आठ दिवसांत आमची जेवढी विक्री होते तेवढी एरवीच्या महिन्यात होत नाही. पण गणपतीची तारीख दरवर्षी सरकते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला. पडवळ पेरल्यापासून फळ भरात यायला सत्तर दिवस धरा. मग २०२५ ला १८ जूनच्या सुमारास बी पडायला हवं होतं, २०२६ ला ६ जुलैच्या सुमारास. "मिरग लागला की पेरा" एवढ्यावर विसंबलं तर एखाद्या वर्षी माल आधी येऊन संपतो. म्हणून कालनिर्णय हातात घेऊन उलटे दिवस मोजा, आणि सगळे वेल एकदम न लावता दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन खेपांत लावा. ऋषीच्या भाजीच्या सगळ्या वस्तू मोजून एका पिशवीत भरून आम्ही देतो. ही कल्पना माझ्या जावेची, आणि त्या पिशवीच्या मागण्या आता पंधरा दिवस आधी यायला लागतात.

वानर-माकडांचं थोडक्यात सांगते. पूर्ण उपाय कोणाकडेच नाही. भेंडी, काकडी, वांगी घराच्या आणि कुत्र्याच्या नजरेत लावा. कारलं, मिरची, अळू, सुरण दूरच्या तुकड्यात. आमच्याकडे माकडं त्यांच्या वाटेला फारशी जात नाहीत. रानडुकरांसाठी वई (कुंपण) मजबूत करा, मेसकाठीची (बांबूची) आणि कुड्याची, दर दिवाळीला दुरुस्त करून.

आठवी पायरी : वाढायचं कधी आणि कसं

वहीत तीन गोष्टी रोज लिहा: काय तोडलं, किती विकलं, किती उरलं. सलग दोन महिने उरलेल्याचा रकाना जवळजवळ रिकामा असेल आणि गिऱ्हाईक मागून परत जात असेल, तेव्हाच पुढचे दोन-तीन गुंठे घ्या. आम्ही तीनावरून आठावर गेलो त्याला तीन वर्षं लागली. दहा गुंठे वांगी हा मधला अपघात, वहीला न विचारता केलेला.

आठ गुंठ्यांच्या पुढे ठिबकशिवाय जाऊ नका. अनुदानासाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करा, पण पूर्वसंमती हातात येईपर्यंत सामान विकत घेऊ नका. आधी घेतलेल्या सामानाचं अनुदान मिळत नाही. शेडनेट-पॉलिहाउसच्या जाहिराती बघून कर्ज काढायला निघालेल्यांना मी कळकळीने थांबवते. किनाऱ्याचा वारा आणि खारी हवा सांगाड्याला काय करते ते आधी आपल्या भागात कोणाकडे असेल तिथे जाऊन दोन पावसाळ्यांनंतर बघा. त्यापेक्षा रोपांची छोटी वाडी करा. वांगी-मिरचीची निरोगी रोपं ऑक्टोबरात सगळ्या वाडीला हवी असतात आणि ती दोन वाफ्यांत होतात.

वीस गुंठ्यांनंतर आमची विहीर संपली. आणखी जमीन होती, पाणी नव्हतं. तेव्हा आम्ही शेजारच्या दोन घरांना विचारलं. त्यांच्या विहिरी घरच्या वापरापुरत्याच उपसल्या जात होत्या, घरात दोन-दोन बायका कामाच्या. बी आम्ही देतो, पेरायचा आठवडा आम्ही ठरवतो, भाजी आम्ही उचलतो. भाव वर्षाच्या सुरुवातीला एकदा ठरतो आणि पैसे दारातच रोख दिले जातात. जुडीचं माप तिन्ही घरांत एकच असावं म्हणून सासूबाईंनी सुरुवातीला प्रत्येकीला एक लाकडी कडं दिलं, जुन्या शिंक्यातलं. त्यात जेवढे देठ मावतील तेवढी जुडी. आता पहिला आणि चौथा आठवडा आमचा पेरणीचा, दुसरा वरच्या घराचा, तिसरा खालच्या घराचा. रात्री आठ वाजता गटावरच्या मागण्या मोजून झाल्या की मी दोन्ही घरांना फोन करून उद्याचा आकडा सांगते, आणि पहाटे तिन्ही परसांत बॅटऱ्या लागतात.